औषधशास्त्रातील संशोधन : पीएचडीनंतर विषय बदलावा, कंपनीत जावे की त्याच वाटेने पुढे जावे?

संशोधनार्थी यांचा प्रश्न

नमस्कार. औषधशास्त्रातील, म्हणजेच फार्माकॉलॉजीतील, माझा पीएचडीचा प्रबंध येत्या काही महिन्यांत सादर होईल. मूत्राशयाच्या स्नायूवरील मस्करिनिक रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन या चेतासंदेशक द्रव्याला प्रतिसाद देणारे पेशीवरील प्रथिन, हा माझा विषय आहे. गेली साडेचार वर्षे ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या पात्रात, ऊतीच्या पट्ट्या टांगून, वेगवेगळ्या अँटॅगोनिस्टच्या (रिसेप्टरची क्रिया रोखणाऱ्या द्रव्यांच्या) उपस्थितीत त्यांचे आकुंचन मोजण्याचे काम मी करत आले आहे. हे काम मला मनापासून आवडते आणि पुढील आयुष्य संशोधन व अध्यापन यांतच घालवावे अशी माझी इच्छा आहे.

सध्या माझ्यासमोर तीन वाटा आहेत. माझ्या मार्गदर्शकांच्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनपदाची, जागा मिळू शकते. तेथे हाच रिसेप्टर आणि हीच ऊती असल्यामुळे पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येईल. दुसरी संधी एका मोठ्या गटात आहे. तेथे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रिसेप्टरची रचना अभ्यासली जाते, आणि त्यातले मला जवळजवळ काहीच येत नाही. तिसरी वाट औषधनिर्मिती करणाऱ्या एका कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरीची आहे. तेथील लोकांशी बोलून मला चांगले वाटले, परंतु एकदा कंपनीत गेले की विद्यापीठाचे दार कायमचे बंद होते असे मला अनेकांनी बजावले आहे.

आणखी दोन गोष्टी मोकळेपणाने सांगते. पदव्युत्तर शिक्षणानंतर सहा वर्षे मी औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि त्यानंतर संशोधनाकडे वळले, त्यामुळे आज माझे वय ३६ आहे. दुसरे असे की, माझ्या प्रबंधातील सर्वांत महत्त्वाच्या शोधनिबंधातील बहुतेक प्रयोग मी केलेले असूनही माझे नाव दुसऱ्या क्रमांकावर आले. त्याबद्दल कोणावर आरोप करण्याची माझी इच्छा नाही. परंतु पुढे अर्ज करताना याचा कितपत तोटा होईल आणि असे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, हे जाणून घ्यायचे आहे.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहिले तर मी ऋणी राहीन.

वक्ररेषा यांचे उत्तर

मी सुमारे तीस वर्षे रिसेप्टरवरील औषधशास्त्रात काम करत आहे आणि प्राध्यापकपदाच्या निवड समित्यांवरही अनेकदा बसलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

तुम्ही तिन्ही पर्यायांची तुलना रिसेप्टर, ऊती आणि तंत्र यांवरून केली आहे. समितीपुढे अर्ज येतो तेव्हा आम्ही आधी एक वेगळीच गोष्ट शोधतो : या उमेदवाराचा स्वतःचा असा प्रश्न आहे का, आणि तो मार्गदर्शकाच्या प्रश्नापासून वेगळा काढून दाखवता येतो का. रेणू येतात आणि जातात, तंत्रेही दहा-पंधरा वर्षांत जुनी होतात, पण चांगला प्रश्न संशोधकाला प्रयोगशाळा बदलल्यावरही पुरतो.

जेम्स ब्लॅक यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हृदयशूलाच्या रुग्णांमध्ये हृदयाला मिळणारा प्राणवायू कसा वाढवता येईल याचा विचार इतर जण करत असताना, हृदयाची प्राणवायूची मागणीच कमी करता येईल का, हा प्रश्न त्यांनी ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना मनाशी धरला. रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांच्या परिणामांवरून आल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे रिसेप्टर मानावेत असे मांडले होते, आणि त्या मांडणीकडे बरीच वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. ब्लॅक यांनी ती उचलली, १९५८ मध्ये आयसीआय या कंपनीत गेले आणि त्या कामातून प्रोप्रानोलॉल हे बीटा रिसेप्टर रोखणारे औषध आले. पुढे १९६४ मध्ये ते दुसऱ्या कंपनीत गेले. तेथे विषय वरवर पाहता अगदी निराळा होता, तो म्हणजे जठरातील आम्लस्राव. मात्र विचाराची पद्धत तीच होती : त्या वेळची अँटिहिस्टामिन औषधे हिस्टामिनचे इतर अनेक परिणाम रोखतात आणि आम्लस्राव मात्र रोखत नाहीत, तर मग हिस्टामिनचाही दुसरा रिसेप्टर असला पाहिजे. १९७२ मध्ये एच-२ रिसेप्टरचे अस्तित्व दाखवले गेले आणि सिमेटिडिन हे औषध त्याच मालिकेतून पुढे आले. ऊती बदलली, रोग बदलला, मालक बदलला. ‘एकाच द्रव्याचे परिणाम एकाच कुलपातून होतात असे आपण का गृहीत धरतो?’ हा प्रश्न मात्र त्यांनी दोन्हीकडे सोबत नेला. १९७३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले, यावरून विद्यापीठाचे दार कायमचे बंद होते का, या तुमच्या शंकेचेही उत्तर काही अंशी मिळते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, आपला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्यात कोणत्याही औषधाचे किंवा तंत्राचे नाव येऊ देऊ नका. तसे वाक्य लिहिता आले नाही, तर अजून प्रश्न सापडलेला नाही असे समजावे. पीएचडीच्या शेवटी ही स्थिती असणे मुळीच लाजिरवाणे नाही, पण पोस्टडॉकची जागा निवडण्याआधी ते लक्षात आलेले बरे.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातील कौशल्याविषयी आहे, आणि येथे मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण ऑर्गन बाथवर काम केलेले तरुण संशोधक स्वतःचे शिक्षण कालबाह्य समजू लागले आहेत असे मला वारंवार दिसते. औषधशास्त्र हे शरीरक्रियाशास्त्रापासून किंवा जीवरसायनशास्त्रापासून वेगळे ठरते ते मोजमापाच्या शिस्तीमुळे. रिसेप्टरशी जुळण्याची औषधाची ओढ आणि जुळल्यानंतर परिणाम घडवून आणण्याची त्याची क्षमता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकात वाचणे निराळे आणि डोस-रिस्पॉन्स वक्रावरून (मात्रेनुसार परिणाम कसा बदलतो ते दाखवणाऱ्या आलेखावरून) ते ओळखता येणे निराळे. अँटॅगोनिस्टमुळे वक्र समांतरपणे उजवीकडे सरकला म्हणजे तो स्पर्धात्मक आहे, म्हणजे रिसेप्टरवरील त्याच जागेसाठी चेतवणाऱ्या द्रव्याशी चढाओढ करतो, असे विद्यार्थी सहज लिहितात. परंतु ऊतीत राखीव रिसेप्टर (कमाल प्रतिसादासाठी लागतात त्यांहून जास्तीचे) भरपूर असतील, तर रिसेप्टरला कायमचा चिकटून बसणारा अँटॅगोनिस्टही सुरुवातीला वक्र केवळ सरकवतो आणि कमाल प्रतिसाद पुष्कळ नंतर घटतो. अँटॅगोनिस्टची ओढ मोजण्याच्या शिल्ड यांच्या पद्धतीने काढलेल्या रेषेचा उतार १ आला नाही, तर एकाहून अधिक रिसेप्टर आहेत असे लगेच म्हणता येत नाही. समतोल साधायला पुरेसा वेळ दिला नव्हता किंवा ऊती रिसेप्टरला चेतवणारे द्रव्य म्हणजेच अ‍ॅगोनिस्ट शोषून घेत होती, ही कारणेही तपासावी लागतात. या शंका ज्याला आपोआप सुचतात असा माणूस रचनाशास्त्राच्या गटाला हवाच असतो. रिसेप्टरचे अत्यंत सुंदर चित्र हाती आल्यावरही, जोडलेला रेणू त्या रिसेप्टरकडून ऊतीत नेमके काय करवून घेतो हे कोणाला तरी मोजावेच लागते.

या सर्वांवरून माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण तेथे विद्यार्थी म्हणून जाऊ नका. ‘रचनेचे काम तुमच्याकडून शिकेन आणि कार्याचे मोजमाप मी घेऊन येईन’ असा करार आधी बोलून घ्या. पहिला पर्याय सोयीचा असला तरी स्वतंत्र ओळख निर्माण होण्याच्या दृष्टीने मला तो सर्वांत कमकुवत वाटतो. तुमची सर्व शिफारसपत्रे एकाच वर्तुळातून आलेली दिसतील आणि कोणती कल्पना तुमची, कोणती त्यांची, हे बाहेरच्याला सांगता येणार नाही.

दोन्हीकडचा यांचे उत्तर

मी विद्यापीठातून कंपनीत गेलो आणि आठ वर्षांनी पुन्हा विद्यापीठात आलो, म्हणून तिसऱ्या पर्यायापुरतेच लिहितो.

ज्या मस्करिनिक रिसेप्टरवर तुम्ही काम करता, त्याचे नावच मुळी कंपनीतल्या आणि कंपनीबाहेरच्या कामाच्या सांध्यावर जन्मले आहे. हेन्री डेल यांनी १९०४ मध्ये वेलकम यांच्या प्रयोगशाळेत नोकरी पत्करली, तेव्हा व्यापारी संस्थेत जाऊ नये असा सल्ला त्यांना मित्रांनी दिला होता. त्या वर्षांत अर्गट या धान्यावरील बुरशीवर काम करताना ते ज्या द्रव्यांपर्यंत पोहोचले, त्यांतूनच अ‍ॅसिटिलकोलिनचे मस्करिनसारखे आणि निकोटिनसारखे असे दोन प्रकारचे परिणाम असतात हे त्यांचे १९१४ मधील विवेचन पुढे आले. १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना ऑटो लोवी यांच्यासह मिळाले.

ही उदाहरणे धीर देणारी असली तरी त्यांवर विसंबून करारावर सही करू नये, कारण अडचण दाराची नसून मधल्या काळाची असते. माझ्या कंपनीत मी तीन वर्षे एका प्रकल्पावर काम केले. विषशास्त्रीय चाचणीत रेणू टिकला नाही, प्रकल्प थांबवण्यात आला आणि त्या तीन वर्षांतील एकही ओळ प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळाली नाही. यात कोणी माझ्यावर अन्याय केला असे मी म्हणणार नाही. थांबवण्याचा तो निर्णय आजही मला योग्यच वाटतो. पण विद्यापीठाकडे अर्ज केला तेव्हा समितीने त्या तीन वर्षांवर बोट ठेवले आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखे काही नव्हते. पुढच्या वेळी मी शहाणा झालो होतो. रेणूविषयीची माहिती गुप्त ठेवावी लागली तरी चाचणीची पद्धत सहसा प्रसिद्ध करता येते, म्हणून पेशींवरील एका चाचणीची पद्धत आम्ही स्वतंत्र शोधनिबंध म्हणून लिहिली आणि विद्यापीठात परतताना तिचाच सर्वाधिक उपयोग झाला.

तेव्हा मुलाखतीत पगाराच्या आधी हे विचारा की, या गटाने गेल्या पाच वर्षांत काय प्रसिद्ध केले आणि त्यात कनिष्ठ संशोधकांची नावे कोठे आहेत. उत्तर देताना समोरची माणसे चाचरत असतील तर तेच तुमचे उत्तर समजा. याशिवाय नियतकालिकांसाठी परीक्षणाचे काम चालू ठेवा, एखाद्या विभागात वर्षाला दोन-चार व्याख्याने देण्याची मुभा मागून घ्या आणि बाहेरच्या किमान दोन संशोधकांशी असा संबंध ठेवा की ते तुमच्या कामाविषयी स्वतःच्या माहितीवरून पत्र लिहू शकतील.

कंपनीने मला जे शिकवले ते विद्यापीठात शिकायला मिळाले असते असे मला वाटत नाही. औषध रिसेप्टरवर उत्तम चालणे आणि शरीरात पुरेशा मात्रेने, पुरेसा वेळ टिकणे यांत किती अंतर आहे, हे तेथे रोज अनुभवास येते. प्रयोग सुरू करण्याआधीच ‘कोणता निकाल आला तर आपण हे काम सोडून देऊ’ हे कागदावर लिहून ठेवण्याची सवय मला तेथे लागली आणि आज मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात तेच करायला लावतो.

अध्यापिका_औषधशास्त्र यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण त्यांतील एका गोष्टीशी मी पूर्णतः सहमत नाही. ब्लॅक आणि डेल यांच्यासारख्यांची चरित्रे वाचून आपल्याला वाटा दिसतात, त्या वाटांवर किती जण थांबले ते दिसत नाही. पहिला पर्याय कमकुवत आहे असे वक्ररेषा म्हणतात. माझ्या मते, त्या जागेचे वेतन खात्रीने तीन वर्षे मिळणार असेल आणि दुसऱ्या गटातील जागा वर्षावर्षाने वाढवली जाणार असेल, तर हा फरक शैक्षणिक कारणांइतकाच महत्त्वाचा आहे. तो विचारात घेणे म्हणजे विज्ञानावरील निष्ठा कमी असणे नव्हे.

वयाविषयी मात्र मी आग्रहाने सांगते की ती काळजी सोडून द्यावी. ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांचा जन्म १९१२ चा. वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश न मिळाल्यामुळे ते अन्नपदार्थांतील जीवनसत्त्वांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत दहा वर्षे काम करत होते. म्हणजे तुम्ही केलेल्या नोकरीहून ती नोकरी फार वेगळी नव्हती. १९४६ मध्ये ते बर्नार्ड ब्रोडी यांच्याकडे आले. अ‍ॅसिटॅनिलाइड या वेदनाशामकाचा शरीरात होणारा बदल त्या दोघांनी तपासला आणि त्यापासून बनणारे पॅरासिटामॉल हेच वेदना कमी करणारे द्रव्य आहे असे १९४८ मध्ये दाखवले. अ‍ॅक्सेलरॉड यांना पीएचडी मिळाली ती १९५५ मध्ये, आणि नोबेल १९७० मध्ये. त्यांच्या कामाचा मला जाणवणारा विशेष असा की, रासायनिक मोजणीची पद्धत आधी विश्वासार्ह करायची आणि मगच जैविक प्रश्नाकडे जायचे, ही तपासणी-प्रयोगशाळेतली शिस्त त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. तुमची सहा वर्षे अर्जात ‘खंड’ म्हणून लिहू नका. पद्धतीची अचूकता कशी सिद्ध करतात हे तुम्ही तेथे शिकलात, तसे स्पष्ट लिहा.

या शिस्तीची औषधशास्त्राला आज किती गरज आहे हे वेगळे सांगायला नको. कर्करोगावरील ५३ महत्त्वाच्या शोधनिबंधांचे निष्कर्ष पुन्हा तपासून पाहिले असता फक्त ६ निष्कर्षांना दुजोरा मिळाला, असे २०१२ मध्ये एका मोठ्या कंपनीत काम केलेल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले होते. ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजीने २०१५ पासून संख्याशास्त्रीय तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात किमान ५ स्वतंत्र नमुने असावेत अशी अट घातली. एकाच प्राण्याच्या मूत्राशयातून काढलेल्या चार पट्ट्या म्हणजे चार स्वतंत्र नमुने होत नाहीत, ही चूक आजही परीक्षणासाठी येणाऱ्या हस्तलिखितांत मला वारंवार दुरुस्त करावी लागते. पट्ट्यांची संख्या फुगवल्याने आलेख देखणा दिसतो आणि निष्कर्ष पोकळ राहतो.

आता नावाच्या क्रमाविषयी. तुमचे दुःख लहान नाही आणि या विषयात ते नवीनही नाही. ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफूतील द्रव्ये ज्याला जुळतात तो रिसेप्टर, प्रत्यक्ष दाखवणारा १९७३ मधील शोधनिबंध कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर या दोघांच्या नावाने आला. त्या वेळी पर्ट या स्नायडर यांच्या विद्यार्थिनी होत्या आणि शोधनिबंधात त्यांचे नाव पहिले होते. तरीही वैद्यकीय संशोधनासाठी दिला जाणारा १९७८ चा लास्कर पुरस्कार स्नायडर, जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मिळाला आणि पर्ट यांना वगळले गेले. त्यांनी जाहीर निषेध केला व त्यावरून मोठा वाद झाला. पहिले नाव असूनही जे घडू शकते ते पाहता, केवळ क्रमावर श्रेय सुरक्षित राहत नाही एवढे लक्षात घ्यावे.

झालेल्या शोधनिबंधाबाबत आता एवढेच करता येते की, अर्जात त्या नोंदीखाली दोन ओळींत तुमचा वाटा लिहावा : कोणत्या आकृत्यांचे प्रयोग तुमचे, विश्लेषण कोणी केले, प्रयोगाची आखणी कोणाची. तुमच्या मार्गदर्शकांनी शिफारसपत्रात तेच नमूद करावे अशी विनंतीही करा; बहुतेक माणसे ही विनंती मान्य करतात. पुढच्या ठिकाणी मात्र प्रयोग सुरू होण्यापूर्वीच नावांविषयी बोलावे आणि ठरलेले ईमेलने कळवून ठेवावे. हे बोलणे पहिल्यांदा अवघड जाते. माझ्या प्रयोगशाळेत मी ते प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत स्वतःहून काढते, कारण वरिष्ठाने सुरुवात केली नाही तर कनिष्ठाने ती करावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

शेवटी चौथ्या वाटेचाही उल्लेख करते, कारण ती तुमच्या यादीत नाही. फ्रान्सिस केल्सी यांनी १९३८ मध्ये शिकागो विद्यापीठातून औषधशास्त्रात पीएचडी मिळवली, तेथे संशोधन व अध्यापन केले, पुढे वैद्यकीय पदवीही घेतली आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत रुजू झाल्या. पुढे जन्मजात व्यंगांना कारणीभूत ठरलेल्या थॅलिडोमाइड या औषधाच्या अर्जातील सुरक्षिततेची माहिती अपुरी असल्याचे सांगून त्यांनी परवानगी रोखून धरली. समोर ठेवलेली आकडेवारी पुरेशी आहे का, हे ठरवण्याची नजर त्यांना औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेतच मिळाली होती.

संशोधनार्थी यांचे प्रत्युत्तर

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल आभार. काल रात्री मी ते एक वाक्य लिहायला बसले आणि पाच-सहा वेळा खोडले. शेवटी हे राहिले : ‘एखाद्या ऊतीत एकाच द्रव्याला प्रतिसाद देणारे दोन उपप्रकारांचे रिसेप्टर असताना, संख्येने कमी असलेला उपप्रकार प्रतिसाद का ठरवतो?’ मूत्राशयात मस्करिनिक रिसेप्टरच्या दोन उपप्रकारांपैकी एम-२ संख्येने अधिक असूनही आकुंचन मुख्यतः एम-३ मुळे होते, यावरून मला हे सुचले. साडेचार वर्षे हे वाक्य माझ्या वहीतल्या नोंदींमध्ये विखुरलेले होते आणि मी ते प्रश्न म्हणून कधी पाहिलेच नव्हते.

दोन्ही पोस्टडॉक जागांचा कालावधी आज विचारून घेतला. रचनेच्या गटातील जागा दोन वर्षांची असून पुढे वाढ मिळणे अनुदानावर अवलंबून आहे. मार्गदर्शकांच्या सहकाऱ्यांकडे तीन वर्षे निश्चित आहेत. रचनेच्या गटाला मी वरील वाक्य पाठवून, कार्याच्या मोजमापाची जबाबदारी मला देता येईल का असे विचारणार आहे. त्या पत्राविषयी काही सुचवायचे असल्यास कृपया सांगावे.

वक्ररेषा यांचे उत्तर

वेतनाच्या निश्चितीबाबत अध्यापिकांचे म्हणणे मला मान्य आहे. मी तो भाग विचारात घ्यायला हवा होता.

तुमचे वाक्य चांगले आहे, पण ‘ठरवतो’ या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. मूत्राशयाचे मज्जातंतू तोडलेल्या प्राण्यांवरील काही प्रयोगांत आकुंचनातील एम-२ चा वाटा वाढलेला आढळला आहे. म्हणजे कमी संख्येचा उपप्रकार नेहमीच ठरवतो असे नाही, परिस्थितीनुसार सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. ‘का ठरवतो’ ऐवजी ‘कोणत्या परिस्थितीत ठरवतो आणि केव्हा ठरवेनासा होतो’ असे लिहिलेत तर प्रश्न तपासता येण्याजोगा होईल आणि तुमच्या मार्गदर्शकांच्या कामापासून स्पष्टपणे वेगळाही दिसेल.

पत्र एका पानापेक्षा मोठे करू नका. पहिल्या परिच्छेदात हा प्रश्न असू द्या आणि दुसऱ्यात तुमच्या प्रबंधातील एकच आकृती, शक्यतो ज्यात शिल्डच्या रेषेचा उतार अपेक्षेप्रमाणे आला नाही आणि तुम्ही त्याचे कारण शोधून काढले अशी. तिसऱ्या परिच्छेदात मुदतीविषयी सरळ विचारा : दोन वर्षांनंतर अनुदान मिळाले नाही, तर हा प्रश्न आणि त्याची सामग्री घेऊन बाहेर पडण्याची मला मोकळीक असेल का. याचे लेखी उत्तर आल्याशिवाय तीन वर्षांच्या जागेला नकार कळवू नका.